भानपुऱ्याची भट्टी : महाराजा यशवंतराव होळकर (पहिले)



ब्रह्मोस या क्षेपणास्त्राचे नाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. सामान्यज्ञानाच्या परीक्षेत त्यावर प्रश्न येतो, प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ते दिसते, आणि त्याचा वेग आवाजाच्या जवळजवळ तिप्पट आहे हे तर पाचवीतला मुलगाही सांगतो. परंतु देशाचे रक्षण करायचे तर शस्त्र आपल्याच कारखान्यात, आपल्याच माणसांच्या हातून तयार झाले पाहिजे, ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी आपल्या याच माळव्यात एका मराठी राजाने ओळखली होती. त्यासाठी ते स्वतः भट्टीपुढे उभे राहिले आणि त्या ध्यासात त्यांनी प्रकृतीचीही पर्वा केली नाही. हे फार थोड्यांना माहीत असते. म्हणून या अंकासाठी आम्ही पहिल्या यशवंतराव होळकर महाराजांचे चरित्र निवडले आहे.

आधी एक खुलासा. आपल्या शहरातील एम. वाय. हॉस्पिटल ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते दुसरे यशवंतराव. ते होळकर संस्थानचे अखेरचे राज्यकर्ते होते व १९६१ साली त्यांचे निधन झाले. आपले चरित्रनायक त्यांच्या दीडशे वर्षे आधी होऊन गेले. परीक्षेत अनेक मुले या दोघांची गल्लत करतात, तुम्ही करू नका.

बालपण आणि पुण्यातील घाव

यशवंतरावांचा जन्म १७७६ साली पुण्याजवळ खेड तालुक्यातील वाफगाव येथे झाला. वडील सुभेदार तुकोजीराव होळकर. अहिल्याबाई महेश्वरी बसून राज्यकारभार पाहत आणि तुकोजीराव फौज घेऊन मुलूखगिरीवर असत. त्यांना चार मुलगे : काशीराव, मल्हारराव, यशवंतराव आणि विठोजी. घोडेस्वारी, भालाफेक व तलवार हे तर घरचेच शिक्षण होते. शिवाय यशवंतराव लिहिण्यावाचण्यात व हिशेबातही तयार होते.

त्यांच्या लहानपणीच युद्धाची रीत बदलू लागली होती. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सरदाराकडून पायदळाचे कंपू व उत्तम तोफखाना उभा केला होता. १७९३ साली राजस्थानात लाखेरीजवळ शिंदे व होळकर यांच्या फौजा एकमेकींना भिडल्या, तेव्हा या कवायती पलटणी व तोफांपुढे होळकरांच्या फौजेचा मोठा पराभव झाला. मराठ्यांनीच मराठ्यांवर मिळवलेला हा विजय होता. पुढे काय वाढून ठेवले आहे याची ती पहिली सूचना होती.

१७९५ साली अहिल्याबाई गेल्या. १७९७ च्या ऑगस्टमध्ये तुकोजीरावांचेही पुण्यात निधन झाले. गादीवर कोण बसणार यावरून भावाभावांत वाद सुरू झाला आणि दौलतराव शिंद्यांनी त्यात हात घातला. सप्टेंबर १७९७ मध्ये शिंद्यांच्या फौजेने पुण्यातील होळकरांच्या तळावर छापा घातला व मल्हारराव मारले गेले. यशवंतराव व विठोजी जीव वाचवून निसटले. यशवंतराव आश्रयासाठी नागपूरला गेले, तर भोसल्यांनी त्यांनाच अटकेत ठेवले. तेथून ते निसटून खानदेशात आले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे एकवीस. जवळ ना खजिना, ना मुलूख, ना तोफ. होते फक्त घोडे आणि नाव.

वेग हेच बळ

त्या नावाभोवती माणसे जमू लागली. भिल्ल, पेंढारी, रोजगार नसलेले शिपाई, होळकरांचे जुने नोकर असे सगळे येऊन मिळाले. धारच्या पवारांनी आसरा दिला, अमीरखान आपल्या पठाणांसह सामील झाला. १७९९ साली महेश्वर येथे यशवंतरावांनी होळकरांच्या दौलतीची सूत्रे हाती घेतली. मल्हाररावांचा लहान मुलगा खंडेराव शिंद्यांच्या ताब्यात होता, त्याच्या नावाने कारभार सुरू झाला. याच सुमारास बंदुकीच्या अपघातात यशवंतरावांचा एक डोळा कायमचा गेला. पुढचे सगळे आयुष्य त्यांनी एका डोळ्याने काढले.

त्यांच्या फौजेचे खरे बळ होते वेग. आज येथे तर उद्या तीस कोसांवर, अशी त्यांच्या घोडदळाची चाल असे. जुलै १८०१ मध्ये त्यांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केला. पण तीनच महिन्यांत शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे कंपू व तोफा घेऊन इंदुरावर चालून आले. यशवंतराव हरले, त्यांचा तोफखाना मोठ्या प्रमाणावर गेला आणि इंदूर शहर लुटले गेले, जाळले गेले. आपण ज्या राजवाड्यापुढून रोज जातो, त्यालाही त्या वेळी आग लागली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात आणखी एक भयंकर गोष्ट घडली होती. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी विठोजी होळकरांना पकडून हत्तीच्या पायी दिले. धाकट्या भावाचा असा अंत झाल्यावर यशवंतराव पुण्यावर निघाले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ पेशवे व शिंदे यांच्या एकत्र फौजेशी त्यांची लढाई झाली. लढाई हातची जाते असे दिसताच यशवंतराव स्वतः घोड्यावर बसून तोफांवर तुटून पडले आणि त्यांनी विजय मिळवला.

हा विजय मोठा होता, पण त्याची किंमत सर्व महाराष्ट्राला मोजावी लागली. बाजीराव पळून इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी वसईचा तह केला. पुण्याच्या गादीवर इंग्रजांची छाया पडली. पुढल्या वर्षी शिंदे व भोसले इंग्रजांशी लढले तेव्हा यशवंतराव बाजूलाच राहिले. असई, लासवारी, आडगाव अशा एकामागून एक लढाया शिंदे-भोसले हरले. तिघे एकत्र आले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मराठी माणूस तेव्हापासून स्वतःला विचारत आला आहे. यशवंतरावांचे चरित्र वाचताना त्यांच्या पराक्रमाबरोबर ही चूकही डोळ्यांआड करू नये, असे आम्हांस वाटते.

उसनी विद्या

१८०३ च्या युद्धात आणखी एक धडा मिळाला, आणि तो यशवंतरावांनी नीट पाहिला. शिंद्यांचे कंपू युरोपीय अधिकाऱ्यांच्या हाताखाली होते. युद्ध सुरू होताच कंपनी सरकारने या अधिकाऱ्यांना जाहीरनामा काढून आपल्याकडे बोलावले. पेरां हा शिंद्यांचा मुख्य सेनापती नोकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला, आणि त्याच्यामागून कितीतरी अधिकारी गेले. तोफा जागेवर राहिल्या, शिपाई जागेवर राहिले, पण त्यांना हुकूम देणारे ऐन वेळी निघून गेले. तरीही देशी गोलंदाज असईला व लासवारीला तोफांपाशी मरेपर्यंत उभे राहिले, हे इंग्रजांनीही मान्य केले आहे.

होळकरांकडेही हेच दुखणे होते. तुकोजीरावांच्या वेळी ठेवलेला दुद्रनेक हा फ्रेंच अधिकारी यशवंतरावांना सोडून शिंद्यांकडे गेला होता. १८०४ साली इंग्रजांशी युद्ध जवळ आले, तेव्हा विकर्स, टॉड व रायन हे आपले तीन युरोपीय अधिकारी शत्रूशी संधान बांधून आहेत, असा यशवंतरावांचा संशय झाला व त्यांनी तिघांनाही देहान्त शिक्षा दिली. हडपसरच्या विजयात ज्यांनी पलटण चालवली, त्यांतलेच विकर्स हे एक होते. शिक्षा कठोर होती. पण विद्या उसनी असली की विश्वासही उसनाच राहतो, हे या घटनेवरून दिसते.

एप्रिल १८०४ मध्ये इंग्रजांनी युद्ध पुकारले. कर्नल मॉन्सन पाच पलटणी घेऊन मुकुंदऱ्याच्या खिंडीपर्यंत आला. यशवंतराव चालून येताहेत हे कळताच जुलैत त्याने माघार घेतली. पावसाळा जोरात होता, नद्यांना पूर होते, तोफांची चाके चिखलात रुतत होती. होळकरांचे स्वार रात्रंदिवस पाठीवर होते. मॉन्सनला तोफा खिळे मारून टाकून द्याव्या लागल्या आणि ऑगस्टअखेर त्याच्या फौजेचे उरलेसुरले लोक कसेबसे आग्र्याला पोहोचले. इंग्रजांची अशी फजिती हिंदुस्थानात क्वचितच झाली होती.

मात्र याच काळात गुजरातेतून आलेल्या दुसऱ्या इंग्रज फौजेने इंदूर घेतले. ऑक्टोबरमध्ये यशवंतरावांनी दिल्लीला वेढा घातला, पण आठवडाभर तोफा डागूनही शहर हाती आले नाही. १३ नोव्हेंबरला डीगजवळ त्यांच्या पायदळाचा व तोफखान्याचा पराभव झाला, त्या वेळी ते स्वतः घोडदळासह दूर दुआबात होते. चारच दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, लॉर्ड लेक रातोरात मजल मारून फर्रुखाबादेत त्यांच्या छावणीवर पहाटे येऊन पडला. म्हणजे वेगाच्या ज्या विद्येत यशवंतरावांचा हात कोणी धरत नव्हते, ती विद्या शत्रूनेही शिकून घेतली होती. आता नुसत्या घोड्यांवर भागणार नव्हते.

भरतपूरच्या किल्ल्याने त्यांना हात दिला. जाट राजा रणजितसिंहांनी होळकरांना पाठीशी घातले. १८०५ च्या जानेवारी व फेब्रुवारीत लेकने किल्ल्यावर चार वेळा हल्ले चढवले आणि चारही वेळा तो मागे हटला. इंग्रजांचे तीन हजारांवर लोक मेले वा जखमी झाले. परंतु एप्रिलमध्ये भरतपूरकरांनी तह केला. यशवंतराव मदत मागत पंजाबात गेले. तेथील रणजितसिंहांनीही इंग्रजांशी वैर घेण्याचे टाळले. अखेर २४ डिसेंबर १८०५ रोजी बियास नदीकाठी राजपूरघाट येथे तह झाला. होळकरांचे राज्य बऱ्याच अंशी टिकले. शिंदे व भोसले यांना जो अपमान गिळावा लागला, तो यशवंतरावांच्या वाट्याला आला नाही.

भानपुऱ्याची भट्टी

तह झाला म्हणून स्वस्थ बसणारा हा पुरुष नव्हता. माळव्यात परतल्यावर त्यांनी भानपुरा येथे मुक्काम केला. हे गाव आज मंदसौर जिल्ह्यात, गांधीसागर धरणाच्या बाजूस आहे. फाजील घोडदळ त्यांनी कमी केले, पायदळाला नवी कवायत सुरू केली आणि तोफा ओतण्याचा कारखाना काढला.

तोफ ओतणे म्हणजे काय, हे तुम्हांला थोडक्यात सांगतो. तांब्यात थोडे कथील मिसळून भट्टीत वितळवायचे. मातीचा साचा आधीच तयार करून पूर्ण वाळवायचा, कारण आत ओल राहिली तर तप्त रस पडताच साचा फुटतो. मग तो रस मध्ये न थांबता एकसंध ओतायचा. कोठे पोकळी राहिली, तर बार भरताच तोफ स्वतःच फुटते आणि गोलंदाज दगावतात. म्हणजे भट्टीच्या उष्णतेपासून ओतणाऱ्याच्या हातापर्यंत सगळीकडे नेमकेपणा हवा. विज्ञानाची पुस्तके नसताना आपल्या कारागिरांनी ही विद्या अनुभवाने साधली होती.

यशवंतराव स्वतः या कारखान्यात राबत. भट्टीच्या धगीत उभे राहून धातूचा रस ओतण्याचे कामही ते स्वतः करीत. काही महिन्यांत दोनशेच्या आसपास तोफा तयार झाल्याचे सांगितले जाते. एखाद्या राजाने मजुरांच्या बरोबरीने असे काम करावे, हे त्या काळी कोणी ऐकलेही नसेल.

परंतु शरीराला मर्यादा असते. अनेक वर्षांची दगदग, भट्टीची आग, झोप नाही आणि त्यात मद्याचे व्यसन. घरातही दुःख होते. काशीराव व बाल खंडेराव यांचे याच काळात मृत्यू झाले आणि त्याबद्दल इतिहासकारांनी यशवंतरावांकडेच बोट दाखवले आहे. १८०८ साली त्यांच्या मनाचा तोल सुटला. कारभार तुळसाबाईंच्या हाती गेला. तीन वर्षे हा झुंजार पुरुष अशा अवस्थेत जगला आणि २८ ऑक्टोबर १८११ रोजी भानपुऱ्यातच त्यांचे देहावसान झाले. वय पुरते पस्तीसही नव्हते. भानपुऱ्यात त्यांची छत्री आहे.

महिदपूर आणि महू

यशवंतरावांच्या मागे त्यांचा मुलगा मल्हारराव लहान होता. सरदारांत फूट पडली, पगार थकले, आणि २० डिसेंबर १८१७ रोजी तुळसाबाईंची त्यांच्याच लोकांनी हत्या केली. दुसऱ्याच दिवशी क्षिप्राकाठी महिदपूरला इंग्रजांशी लढाई झाली. त्या दिवशी होळकरांच्या तोफांनी इतका भडिमार केला की इंग्रजांचे सुमारे ८०० लोक मेले वा जखमी झाले. गोलंदाज जागा सोडीनात. तरीही लढाई हरली, कारण तोफा होत्या पण त्यांच्यामागे एकमताने उभे राहणारे राज्य नव्हते. साठाहून अधिक तोफा शत्रूच्या हाती पडल्या.

६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. होळकरांची राजधानी इंदूरला आली, आणि इंदूरपासून जवळच महू येथे इंग्रजांची छावणी पडली. म्हणजे आपले शहर राजधानी झाले ते हरल्यानंतर, आणि तेही परक्याच्या फौजेच्या देखरेखीखाली. त्याच महूत आज आपल्या भारतीय सेनेची इन्फन्ट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज व दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आपल्या कित्येक पालकांची मुले तेथे शिकली असतील. हा बदल लहान नाही.

तोफेपासून ब्रह्मोसपर्यंत

यशवंतरावांच्या वेळच्या तोफेचा गोळा तोंडातून सुटताना आवाजापेक्षाही वेगाने सुटे. पण पुढे त्याला ढकलणारे काही नसे. हवेच्या विरोधाने वेग झपाट्याने उतरे आणि मैदानी तोफेचा नेमका मारा साधारण किलोमीटरभरच होई. एकदा सुटलेल्या गोळ्याची दिशाही बदलता येत नसे.

ब्रह्मोसमध्ये या दोन्ही अडचणी दूर केल्या आहेत. प्रथम घन इंधनाचे बूस्टर त्याला आवाजापेक्षा अधिक वेग देते व गळून पडते. मग रॅमजेट इंजिन सुरू होते. या इंजिनाला हवा दाबण्यासाठी पंख्यांची गरज नसते, क्षेपणास्त्राचा वेगच समोरची हवा दाबून आत कोंबतो. इंजिन वाटभर चालू राहते, म्हणून वेग टिकतो. विमानासारखे हवेतून जाता जाता त्याला दिशाही देता येते. अशा क्षेपणास्त्राला क्रूझ क्षेपणास्त्र म्हणतात. त्याचा वेग साधारणपणे सेकंदाला एक किलोमीटर. इंदूरहून उज्जैनला बसने जायला आपल्याला तास-दीड तास लागतो, तेवढे अंतर ते मिनिटभरात कापेल. समुद्रावर ते शेवटच्या टप्प्यात पाण्याच्या अगदी जवळून येते. पृथ्वीच्या गोलाईमुळे जहाजाच्या रडारला ते फार उशिरा दिसते आणि बचावाला काही सेकंदच उरतात. असे शस्त्र आपल्या जहाजांवर आहे हे कळल्यावर शत्रू आक्रमण करण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो. न डागताही ते रक्षण करते, हेच त्याचे मोठे काम.

या शस्त्राचा इतिहासही यशवंतरावांच्या धड्याशी जुळतो. १९९८ साली भारत व रशिया यांचा करार झाला. ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या दोन नद्यांवरून नाव ठेवले गेले. १२ जून २००१ रोजी ओडिशातील चांदीपूरहून पहिली चाचणी झाली. सुरुवातीचा पल्ला होता २९० किलोमीटर, तो पुढे वाढवण्यात आला. रशियाची मदत आपण उघडपणे घेतली, त्यात कमीपणा नव्हता. पण आपले शास्त्रज्ञ व कारागीर तेथे थांबले नाहीत. २०१८ साली लक्ष्य शोधणारा भारतीय बनावटीचा सीकर बसवून पोखरण येथे चाचणी झाली. २०१९ साली देशात बनलेले इतर महत्त्वाचे भाग बसवूनही चाचणी यशस्वी झाली. २०२२ साली फिलिपिन्स देशाने हे क्षेपणास्त्र घेण्याचा करार केला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये पहिला संच तेथे पोहोचला. पेरां व दुद्रनेक यांच्यावर विसंबून असलेले आपण आज दुसऱ्यांना शस्त्र पुरवतो आहोत.

मित्रांनो, यशवंतरावांच्या चरित्रातून तीन गोष्टी घेता येतील. पहिली, वेग हे बळ आहे, पण शत्रूही वेग शिकतो. दुसरी, उसनी विद्या अडचणीच्या वेळी मालकाकडे परत जाते, म्हणून ती शिकून आपली करावी लागते. तिसरी सर्वांत महत्त्वाची : घरात एकी नसेल तर उत्तमातली उत्तम तोफही महिदपूर वाचवू शकत नाही. पहिल्या दोन गोष्टी यशवंतरावांनी ओळखल्या. तिसरी त्यांना व त्यांच्या काळच्या मराठी सरदारांना साधली नाही, आणि राज्य गेले.

पालकांना व विश्वस्त मंडळींना आमची एक विनंती आहे. आपल्या शाळेच्या सहली मांडू व महेश्वरला जातातच. एखादे वर्षी भानपुऱ्याला न्यावी. ज्या गावी एका राजाने हातात पळी घेऊन तोफेचा रस ओतला, ते गाव मुलांनी डोळ्यांनी पाहावे. आणि मुलांनो, शाळेच्या कार्यशाळेत कानस चालवताना हात काळे झाले, तर लाज वाटू देऊ नका. होळकरांच्या राजाचेही हात काळे झाले होते.